कारखाना बुडाला, अनुदान कसे परत आणायचे? वसुलीच्या टेबलावरून काही गोष्टी

महसूल खात्यात ३३ वर्षे काढली, त्यातली शेवटची ११ वसुलीच्या टेबलावर. आता धनकवडीत असतो. नातवाला शाळेत सोडून आलो की दुपार मोकळी, म्हणून गावाकडची माणसे कागद घेऊन येतात. माझे गाव पुरंदरमधले, अंजीर-सीताफळाच्या पट्ट्यातले. तिथे सीताफळाचा गर काढून गोठवायचा कारखाना उभा राहिला होता. मालक शहरातले, पैसा निम्मा बँकेचा आणि बराचसा सरकारी अनुदानाचा. उद्घाटनाला मांडव, फेटे, सगळे झाले. तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर गेटला कुलूप लागले.

एका रात्री पुतण्याचा फोन. ‘नाना, कारखान्यावर टेम्पो लागलाय. मशीन चढवतायत. पोरं जमलीत, अडवू का?’

म्हटले, अजिबात अडवू नका. अडवलेत तर उद्या गुन्हा तुमच्यावर आणि मशीन तरीही बाहेर. टेम्पोचा नंबर दिसेल असे फोटो काढा, ११२ ला फोन करून कळवा आणि सकाळी पोलीस पाटलांना बरोबर घेऊन जागेवर जा.

सकाळी मी स्वारगेटहून सासवडची एसटी धरली. शेडमध्ये जिथे ब्लास्ट फ्रीझर, म्हणजे गर झटपट गोठवायचे मशीन, होते तिथे काँक्रीटमध्ये चार बोल्ट गॅस कटरने कापलेले, कडा अजून निळ्या-काळ्या. आणि कोपऱ्यात, घाईत पडलेली, मशीनची पत्र्याची पाटी. त्यावर कंपनीचा अनुक्रमांक. ती पाटी जागेवरून हलवू दिली नाही. आधी फोटो, मग पंचनाम्यात नोंद, मग पोलीस पाटलांच्या ताब्यात. पुढे सगळी फाइल हलली ती या पाटीमुळे, म्हणून हे आधी सांगितले.

आता मुद्द्याचे. गावकऱ्याला अनुदान वसूल करता येत नाही. ते फक्त ज्या कार्यालयाने दिले त्यालाच करता येते. तुमचे काम त्या कार्यालयाला वेळेत हलवणे. मोर्चाने साहेब खुर्चीतून उठून बाहेर येतात, निवेदन घेतात, फोटो होतो. फाइल मात्र तारीख, रक्कम आणि अट लिहिलेल्या कागदाने हलते.

पहिले शोधायचे ते पैसे कुठल्या डब्यातून आले. कारखान्याला ‘सरकारने’ दिले असे कुणी देत नसते. उद्योग खात्याची सामूहिक प्रोत्साहन योजना असेल तर जिल्हा उद्योग केंद्र. मुख्यमंत्री कृषी व अन्न प्रक्रिया योजना असेल तर कृषी खाते. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३० टक्के, कमाल ५० लाख असे अनुदान होते. केंद्राच्या किसान संपदासारख्या योजनेचा पैसा असेल तर दार दिल्लीचे. एकाच शेडवर दोन योजनांचा पैसा घेतलेला असू शकतो, तेव्हा दोन्हीकडे विचारा.

विचारायचे माहिती अधिकारात. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून गाऱ्हाणे त्यात लिहू नका. मंजुरी आदेश, करारनामा व हमीपत्र, हप्त्यांच्या तारखा, स्थळ पाहणी अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र, खरेदीची बिले, आणि वसुलीबाबत झालेला पत्रव्यवहार: एवढे मागा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा आणि पोच घेतल्याशिवाय त्या कार्यालयाच्या टपाल शाखेतून हलू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, तिथेही नाही जमले तर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे. आयोगात वेळ लागतो, म्हणून तिथवर जायची पाळी येऊ न देणे हेच शहाणपण.

त्यासाठी एक युक्ती. झेरॉक्स मागण्याऐवजी अर्जात ‘नस्तीची पाहणी’, म्हणजे फाइल समोर बसून बघणे, मागा, तो हक्क कायद्याच्या कलम २ मध्ये आहे. फाइल समोर आली की पत्रव्यवहाराची बाजू नंतर, आधी टिपणीची बाजू वाचा. कारखाना बंद पडल्याचे कार्यालयाला कधी कळले, कुणी ‘वसुलीची कार्यवाही प्रस्तावित’ म्हणून लिहिले आणि कुणाच्या टेबलावर ते झोपले, हे सगळे तिथे असते. हवी ती पाने क्रमांकाने टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रती मागा, दोन रुपये पान.

‘व्यापारी गुपित आहे, त्रयस्थ पक्षाची हरकत आहे’ असे उत्तर येईलच. घाबरू नका. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागता जाहीर करायचे असते, कलम ४(१)(ख) मध्येच लिहिलेय. सीताफळाचा गर कसा गोठवतात ते तुम्ही मागत नाही, गोठवायचे मशीन कुणाच्या पैशाने आले ते मागताय. अपिलात असेच लिहा.

करारनामा हातात आला की चहा बाजूला ठेवून वाचा. मी तीन गोष्टींखाली रेघ मारतो. कारखाना किती वर्षे चालू ठेवायची अट होती. अट मोडली तर व्याज किती. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे अशा बंधपत्रात १० टक्के असते आणि सह्या करणारे संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार असतात. आणि तिसरे, सगळ्यात कामाचे: ‘ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येईल’ हे वाक्य आहे का. ते असेल तर तहसीलदाराचा रस्ता मोकळा. नसेल तर तहसीलमधून ‘वसुलीचा आधार नमूद करावा’ म्हणून कागद परत येतो. मी स्वतःच असे कितीतरी परत पाठवलेत.

अट कधी मोडली याचा पुरावा मालक देणार नाही. तो म्हणेल, बंद नाही, दुरुस्ती चालू आहे. इथे वीजबिल बोलते. युनिट ज्या महिन्यापासून शून्यावर आले तो महिना बंद पडल्याचा. आमच्याकडे एका पोराने मीटरच्या पेटीत अडकवून ठेवलेली बिले गोळा केली होती, पाचही बिलांवर वापर शून्य. त्याच्या जोडीला हजेरीपुस्तकातले शेवटचे पान आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीच्या थकबाकीचा उतारा.

हे जोडून कार्यालयाला पत्र द्या. आमचे पहिले पत्र, ‘कारखाना बंद आहे, कार्यवाही व्हावी’, सात महिने पडून होते. दुसऱ्या पत्रात एवढेच लिहिले की अनुदानाच्या बिलातल्या अमुक अनुक्रमांकाचे मशीन अमुक तारखेला रात्री अमुक नंबरच्या टेम्पोतून पूर्वपरवानगीशिवाय बाहेर गेले आहे, पाटी पोलीस पाटलांकडे आहे. बारा दिवसांत स्थळ पाहणी झाली. सरकारी पैशाचे मशीन विकले गेल्याचे कळूनही कार्यालय गप्प बसले, हे लेखापरीक्षणात कुणालाही परवडत नाही.

हे चालू असताना दुसरीकडे लक्ष हवे: कारखान्यावर आज ताबा कुणाचा? इथेच पैसे बुडतात, कारण मुदती छोट्या असतात.

बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेतला असेल तर वर्तमानपत्रात ताबा नोटीस येते, पुढे लिलावाची. बँकेचा तारण-हक्क सरसाई या केंद्रीय नोंदवहीत नोंदलेला असेल तर वसुलीत बँक सरकारच्याही पुढे. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ ला हेच सांगितले. म्हणजे तारण मालमत्तेवर आशा कमी. तरी बँकेत एक प्रश्न विचारायला लावा: अनुदान बँकेमार्फत आले होते का, आणि ते राखीव खात्यात अजून पडून आहे का? काही योजनांत पैसा आधी बँकेत थांबतो आणि अटी पुऱ्या झाल्यावरच कर्जात वळता होतो. थांबलेला पैसा योजनेच्या नियमाप्रमाणे कुणाचा, हे लिलावाआधी ठरले पाहिजे.

कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्यासाठी मुंबईच्या एनसीएलटीत गेली असेल तर घाई आणखी. दिवाळखोरीचे काम बघायला नेमलेला व्यावसायिक जाहीर सूचना काढतो आणि दाव्यांसाठी साधारण १४ दिवस देतो. उशिरा दावा घेण्याची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. एकदा तोडग्याचा, म्हणजे कंपनीची देणी कशी मिटवायची याचा, आराखडा मंजूर झाला की त्यात नसलेला दावा संपतो, मग तो सरकारचा असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात तसे स्पष्ट केले. सूचना दिसली की कात्रण घेऊन त्याच दिवशी अनुदान देणाऱ्या कार्यालयात जा. साहेबांना कळलेच असेल असे धरू नका, बहुतेक वेळा कळलेले नसते.

सहकारी संस्था असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, नेमला जातो, दावा त्याच्याकडे. संचालकांनी पैसे वळवले असतील तर कलम ८८ ची चौकशी मागता येते. तिचा माझा अनुभव थोडा, म्हणून पुढे जातो.

एक सांगून ठेवतो. गर काढणाऱ्या बायकांचा पगार आणि पीएफ थकला असेल तर अनुदानाच्या वसुलीसाठी त्यांच्या आड येऊ नका. कंपनी मोडीत निघाली तर कामगारांचा २४ महिन्यांपर्यंतचा पगार कायद्यानेच सरकारच्या देण्याच्या वर आहे. आमच्या गावात दोन गट पडून भांडले, त्यात एक हंगाम गेला.

शेवटचा टप्पा माझ्या टेबलाचा. अनुदान देणारे कार्यालय मागणीची नोटीस देते, पैसे न आल्यास वसुली प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते, तिथून ते तहसीलला येते. जमीन महसूल संहितेच्या कलम १७६ पासून पुढे मागणी नोटीस, जप्ती, विक्री असा क्रम आहे. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर १८९० च्या महसूल वसुली कायद्याने तिकडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र जाते. प्रमाणपत्रात नाव, पत्ता, गट नंबर नसले की ते तहसीलच्या कपाटात जाते आणि तिथेच राहते. म्हणून मालमत्तेची यादी तुम्ही करून द्या. फक्त कंपनीची नको, जामीनदारांचीही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो.

आमच्या कारखान्याची जमीन बँकेने विकली, त्यातून अनुदानाला काही मिळाले नाही. पण करारनाम्यावर एका जामीनदाराची सही होती आणि त्याची हवेली तालुक्यात तीन एकर जमीन होती, बिनतारणाची. त्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा, म्हणजे सरकारचे येणे असल्याची नोंद, चढवायला तलाठी भाऊसाहेबांकडे चार हेलपाटे झाले. फेरफार मंजूर झाल्याचा उतारा हातात पडला तेव्हाच आम्ही थांबलो. त्यानंतर पावणेदोन वर्षे काहीच घडले नाही. मग त्या जमिनीला गिऱ्हाईक आले, त्याच्या वकिलाने सातबारा काढला आणि जामीनदार स्वतः तहसीलच्या पायऱ्या चढून विचारू लागला, ‘भाऊसाहेब, बोजा कमी करायला नक्की किती भरायचे?’

त्या दिवशी मला तहसीलमधून जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मी त्याला एकच सांगितले. तडजोडीचे पत्र, पुढच्या तारखेचा धनादेश, काही चालणार नाही. व्याजासह पूर्ण रकमेचे चलन योग्य लेखाशीर्षात जमा झाल्याची प्रत आणि अनुदान देणाऱ्या कार्यालयाचे ‘येणे बाकी नाही’ असे पत्र, दोन्ही नस्तीला लागेपर्यंत बोजा कमी करण्याचा फेरफार धरू नको.