झाकणावरचे पाणी

पालक, फरसबी किंवा फ्लॉवर भांडेभर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतण्याची सवय मला अनेक वर्षे होती. परंतु 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट हे 'ब' गटातले जीवनसत्त्व ही दोन्ही पाण्यात विरघळतात व त्या हिरवट पाण्याबरोबर वाहून जातात, हे कळल्यावर ती मोडायचीच असे मी ठरवले. पाण्याशिवाय केलेली पहिली फरसबी तळाला करपली, कारण कढई पातळ होती आणि आच मोठी.

उपाय आजीच्या रीतीतच सापडला. आता मी जाड बुडाच्या कढईत फोडणी करून, आधी धुऊन मगच चिरलेली भाजी परतते, वर खोलगट ताटली झाकून तिच्यात वाटीभर पाणी ओतते आणि आच मंद करते. त्या पाण्यामुळे ताटली गार राहते, आतली वाफ तिच्या खालच्या बाजूला थेंबाथेंबाने जमून पुन्हा भाजीवर पडते आणि भाजी स्वतःच्याच रसात शिजते. कडेने चुरचुर ऐकू आली, तर ताटलीतलेच गरम झालेले पाणी दोन चमचे आत घालावे. गार पाणी घातल्यास शिजणे खोळंबते. पालेभाजीत मीठ मी ती आळल्यावरच घालते, म्हणजे अंदाज चुकत नाही.