एका तारखेची पंगत: १० ऑक्टोबरची तयारी

आमच्या शाळेत १० ऑक्टोबरला पूर्वी एवढंच व्हायचं: डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या फोटोला हार, दोन मुलांची पाठ केलेली भाषणं, आणि तास पुन्हा सुरू. आपल्याच सोलापुरात जन्मलेला माणूस, इथल्या भैय्या चौकात त्यांचं स्मारक, तरी मुलांना विचारलं की ‘ते चीनला गेले होते’ याच्यापुढे गाडी सरकत नसे. मला याचं मनापासून वाईट वाटायचं. मग एका वर्षी आम्ही त्यांच्याच तारखेला जन्मलेली वेगवेगळ्या काळातली माणसं शोधली आणि सगळ्यांची एक पंगत मांडली. मधल्या पाटावर कोटणीस, दोन्ही बाजूंना पाहुणे. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी मुलं भिंतीपासून हलेनात. तुमच्या शाळेत किंवा वाचनालयात हे करायचं असेल तर काय काय लागतं, ते सांगते.

ऑगस्टमध्येच कॅलेंडर समोर घेऊन बसा. १० ऑक्टोबर कधी नवरात्रात येतो, कधी दसरा उलटून कोजागिरीच्या तोंडावर. नवरात्रात रूपाभवानीच्या देवळाकडे गर्दी असते, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, आणि त्यात आपल्याच मुलांच्या घरची माणसं असतात. सहामाही परीक्षाही त्याच सुमाराला. अडचण आली तर कार्यक्रम दोन तासांचा करा, एका वर्गापुरता करा, पण तारीख हलवू नका. इथे तारीख हाच विषय आहे.

नावं जमवायला अर्धा तास पुरतो. तारखा पडताळायला मात्र पंधरा दिवस हातात ठेवा. आमचा नियम असा की एक नाव दोन वेगळ्या ठिकाणी सापडलं पाहिजे, आणि त्यातलं एक ठिकाण छापील असलं पाहिजे. मराठी विश्वकोशाचे खंड वाचनालयात असतील तर मुलांनाच ते उघडायला लावा. इटलीचे संगीतकार व्हेर्दी आम्ही जवळजवळ पंगतीला बसवले होते. ११ ऑक्टोबर १८१३ च्या चर्चच्या नोंदीत त्यांच्याबद्दल ‘काल जन्मला’ असं लिहिलंय. पण तिकडे दिवस सूर्यास्ताला बदलतो असं धरायची रीत होती, म्हणून तारीख ९ की १० ते पक्कं होत नाही. फ्रेंच चित्रकार वातो यांची १० ऑक्टोबर १६८४ ही तारीख मिळते, पण ती बाप्तिस्म्याची. दोघांनाही गाळावं लागलं. का गाळलं, त्याची एक वेगळी चिठ्ठी मुलांनी भिंतीवर लावली आणि लोकांनी ती फार लक्ष देऊन वाचली. इंग्लंडने १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला होता, हेही त्या चिठ्ठीत घाला. न्यूटन यांची तारीख कुठे २५ डिसेंबर १६४२ तर कुठे ४ जानेवारी १६४३ दिसते, ती याचमुळे.

हा प्रश्न आपल्या घराघरात आहे, ते मुलांना जरूर सांगा. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. आजीला फक्त ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी, पाऊस लागून राहिला होता’ एवढं आठवायचं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला आणि तोच आयुष्यभर चालला. मुलांना घरी पाठवा, आजी-आजोबांची खरी जन्मवेळ काय खुणेने लक्षात आहे ते विचारून यायला सांगा. सुगी, पूर, लग्नसराई, दुष्काळ, अशा खुणा येतात. त्या एका कागदावर लिहून प्रवेशदाराशी लावा.

आता मधला पाट. कोटणीसांचा फलक सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत आधी तयार झाला पाहिजे. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिक्षण. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. चौघं परत आले. पाचही नावं लिहा, नाहीतर बाकीचे चार ‘इतर’ होऊन जातात. जपानशी लढताना जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर कोटणीस उपचार करत राहिले, चिनी भाषा शिकले, आणि १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. हे बेथून म्हणजे कॅनडाचे शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि १९३९ मध्ये ते चीनमध्येच वारले. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी कोटणीसांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले तेव्हा ते बाळ चार महिन्यांचंही नव्हतं.

फलकावर हे सगळं कोंबू नका. आम्ही डावीकडे वर्षं लिहिली आणि उजवीकडे प्रत्येक वर्षापुढे त्यांचं तेव्हाचं वय. चीनला निघताना २७, जगाचा निरोप घेताना ३२. सातवीतली एक मुलगी बोटाने ती उजवीकडची ओळ वरून खाली वाचत गेली आणि ३२ वर थांबून म्हणाली, “आमच्या मामाएवढे होते की हो, बाई.” वयाची ओळ घाला, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं.

शेजारी जगाचा नकाशा लागतोच. त्यावर सोलापूरला लाल टाचणी, आणि तिथून प्रत्येक पाहुण्याच्या जन्मगावापर्यंत लोकरीचा धागा. कोटणीसांसाठी चीनच्या हेबेई प्रांतापर्यंत दुसऱ्या रंगाचा धागा. हे काम पाचवीच्या मुलांना द्या, ती ते फार जपून करतात.

पाहुण्यांत वेळ घालवण्यासारखे पहिले म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश, जन्म १७३१, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं नीस. इतके बुजरे की घरातल्या नोकरांनाही चिठ्ठ्या लिहून कामं सांगायचे. वर्गातल्या न बोलणाऱ्या मुलांना हे वाचून बरं वाटतं. मी ते पाहिलंय, म्हणून ही ओळ गाळू नका. त्यांनी १७९७-९८ मध्ये जवळजवळ पृथ्वीचं वजनच केलं. त्याची प्रतिकृती बनवा. सहा फुटांची काठी (आम्ही पडद्याची दांडी घेतली) मधोमध दोरीने आढ्याला टांगायची, दोन टोकांना लिंबाएवढे दोन गोळे. फुगे फुगवून त्यांवर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवले की फूटभर व्यासाचे दोन मोठे गोळे होतात, ते लहान गोळ्यांशेजारी ठेवायचे. खळ वाळायला आठ दिवस द्या, पाऊस असेल तर जास्त. मूळ प्रयोगातले मोठे गोळे शिशाचे, एकेक १५८ किलोचा. मार्केट यार्डात हमाली करणाऱ्यांची मुलं वर्गात असतील तर ती लगेच सांगतात, कांद्याच्या तीन पिशव्या. एवढा जड गोळा शेजारच्या लहान गोळ्याला किती ओढतो, ते दांडीच्या अगदी किंचित वळण्यावरून मोजायचं होतं. जवळ गेलं तरी हवा हलेल, म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेरून दुर्बिणीने बघायचे. उत्तर निघालं ते असं की पृथ्वीची घनता पाण्याच्या साधारण साडेपाच पट आहे. प्रतिकृतीत काही मोजता येणार नाही हे मुलांना आधी सांगा, म्हणजे ती हिरमुसणार नाहीत.

याच कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये एका पेट घेणाऱ्या वायूचे गुणधर्म मांडले. त्यालाच पुढे हायड्रोजन हे नाव पडलं. आणि त्यांच्याच तारखेला, २०५ वर्षांनी, १९३६ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला जन्मले गेरहार्ड एर्टल. हायड्रोजन आणि नायट्रोजन लोखंडाच्या पृष्ठभागावर एकमेकांना भेटून अमोनिया कसा बनतो, ते त्यांनी पायरीपायरीने उलगडलं. त्यांचं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं १० ऑक्टोबर २००७ ला, म्हणजे बरोबर ७१ व्या वाढदिवशी. अमोनियापासून युरिया बनतो, म्हणून या दोन फलकांच्या मध्ये आम्ही युरियाची रिकामी गोणी टांगली. मोहोळ, मंगळवेढ्याहून आलेले पालक तिथेच थांबले. गोणी दोनदा धुवून वाळवा, वास राहतो.

नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन १८६१ चे. १८८८ मध्ये ग्रीनलंडचा बर्फ त्यांनी ओलांडला. पण मुलांसमोर मांडायचं ते त्यांचं पुढचं काम: पहिल्या महायुद्धानंतर ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणेना अशा निर्वासितांसाठी त्यांच्या नावाचा पासपोर्ट निघाला. १९२२ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचा फलक घडीच्या पासपोर्टासारखा करा, आतला ‘देश’ हा रकाना रिकामा ठेवा. बद्रुद्दीन तय्यबजी, मुंबई, १८४४. यांना कोटणीसांच्या अगदी लगत बसवा, कारण ज्या काँग्रेसने कोटणीसांना चीनला पाठवलं, तिचे १८८७ चे अध्यक्ष हे. आर. के. नारायण, १९०६, यांच्यासाठी पालक स्वतःच बोलतात. १९८६ मध्ये दूरदर्शनवर त्यांच्या गोष्टींवरची ‘मालगुडी डेज’ मालिका पाहिलेली पिढी अजून आहे. अभिनेत्री रेखा, १९५४, आणि दिग्दर्शक राजामौली, १९७३, यांच्या फलकांना फार मजकूर लागत नाही. ते दारातून आत आल्याबरोबर दिसतील असे लावा, लोक त्यांच्यासाठी थांबतात आणि मग पुढे सरकतात.

शिवराम कारंत यांचं नाव घाईत गाळू नका. १९०२, उडुपीजवळचं कोटा. कन्नडचे थोर कादंबरीकार, १९७७ चं ज्ञानपीठ, यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्यासाठी झटलेले, आणि मुलांसाठी एकट्याने ज्ञानकोश लिहिणारे. आपल्या गावात कन्नड घरं किती आहेत! त्यांचा फलक कन्नडमध्ये हवाच. तसाच राजामौलींचा तेलुगूत, तय्यबजींचा उर्दूत, प्रत्येकाखाली मराठी. लिहायला घरची मोठी माणसं बोलवा. शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलाचे आजोबा आयुष्यभर यंत्रमागावर राबलेले. त्यांनी चष्मा पुसून नातवाच्या तेलुगू अक्षरांतल्या दोन चुका काढल्या, आणि मग खुर्ची घेऊन दिवसभर त्या फलकापाशी बसले. येणाऱ्याला वाचून दाखवत होते.

गणिताच्या बाईंना एक कोपरा द्या. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि ५० मुलं असतील तर ती ९७ टक्क्यांपर्यंत जाते. कारण मोजायच्या असतात त्या जोड्या, आणि २३ मुलांच्या जोड्या होतात २५३. याउलट ‘१० ऑक्टोबरलाच कोणी आहे का’ असं विचारलं, तर तेवढ्याच शक्यतेसाठी अडीचशेच्या वर मुलं लागतात. मुलांना रांगेत उभं करून प्रत्येकाला फक्त दिवस आणि महिना सांगायला लावा, जन्मवर्ष नको. हे गणित वाढदिवस सगळ्या तारखांवर सारखे विभागलेले आहेत असं धरून आहे. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरची पानं उलटली की १ जून, १ जून, १ जून दिसतं, आणि तिथे हे गणित का चालणार नाही ते मुलं आपण होऊन सांगतात.

सामान: पांढरे आणि पिवळे कार्डशीट, जाड स्केचपेन, सुतळी, कपड्याचे चिमटे, टाचण्या, रुंद चिकटपट्टी, एक्स्टेंशन बोर्ड, दोन टेबलं आणि त्यांवर घालायला सोलापुरी चादरी. चादरी घराघरांतून येतात, कडेला धाग्याने नाव गुंफून घ्या. फ्लेक्स करू नका. एका वर्षी आमचा फ्लेक्स आला तो ९ तारखेच्या रात्री साडेनऊला, त्यावर १९१० च्या जागी १९०१. रात्रभर झोप लागली नाही. हाताने लिहिलेलं चुकलं तर पाच मिनिटांत बदलता येतं. परतीचा पाऊस धरून सगळं व्हरांड्याऐवजी वर्गात लावा.

राशी आणि अंकशास्त्राचा विषय कोणीतरी काढतंच. उत्तर आधी ठरवून ठेवा. आम्ही पुन्हा वयाची ओळ दाखवतो: कारंत ९५ वर्षं जगले, कोटणीस ३२. तारीख एकच.

स्मारकाला भेट सकाळीच ठेवा, तिथे आधी लेखी कळवा, आणि एका वेळी एकच वर्ग न्या. केक नको. खाऊला शेंगापोळीचे तुकडे, डबे ज्यांना जमेल त्यांच्याकडून.

संध्याकाळी आवरताना कोटणीस आणि कारंत यांचे फलक बाजूला काढा. टाचण्या काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवा आणि किल्ली शिपाईमामांकडे द्या. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला गेले, कारंत ९ डिसेंबर १९९७ ला. दोन महिन्यांनी हे दोन फलक पुन्हा लागतात.