श्वास रोखून बघायचे सिनेमे

हाँगकाँगचे कुंग-फूवाले विनोदी भूतपट बघायचे असतील तर १९८५च्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’पासून सुरुवात करा. आणि आवाज कॅन्टोनीजच ठेवा. मी पहिल्यांदा डब केलेली प्रत पाहिली होती. तिच्यात भुतांचा बंदोबस्त करणाऱ्या गुरुजींना विदूषकाचा आवाज दिला होता, सगळी मजाच गेली. गुरुजी झालेला नट लाम चिंग-यिंग त्यात एकदाही हसवायला जात नाही, चेहरा गंभीर ठेवून काम करतो. आजूबाजूचा गोंधळ त्याच्यामुळेच उठून दिसतो.

आधी भुतांचे नियम समजून घ्या. ही भुतं म्हणजे चीनच्या छिंग राजवटीतल्या अधिकाऱ्यांच्या झग्यातली ताठरलेली प्रेतं. अंग आखडलेलं, म्हणून हात पुढे करून उड्या मारत येतात. माणूस ओळखतात तो श्वासावरून. कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की जागीच थिजतात, आणि त्यांचं विष चिकट तांदळाने उतरतं.

आता तांदळाचा भाग नीट बघा. गुरुजींच्या एका चेल्याला प्रेताची नखं लागतात, दुसरा चिकट तांदूळ आणायला धावतो आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो! मला हा प्रसंग फार आवडतो, कारण जिवावर बेततं ते माणसाच्या भेसळीमुळे.

लगेच त्याच्या पाठोपाठ १९८०चा ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’ लावा. तिथे प्रेत उठू नये म्हणून नायक झालेल्या सामो हंगला शवपेटीत कोंबडीची अंडी टाकायची असतात आणि विकणाऱ्याने त्यात बदकाची घुसडलेली असतात. तीच भेसळ, पाच वर्षं आधी. दिग्दर्शनही सामोचंच. पुढे खाणावळीत जादूटोण्याने त्याचा एक हात त्याचं ऐकेनासा होतो. तेव्हा हाताकडे नका बघू, खांद्याकडे बघा. हात मारायला निघतो, बाकीचा माणूस त्याला मागे खेचतो. एवढ्या जाडजूड देहाने एकाच वेळी दोन माणसं उभी केली आहेत. हा तुकडा मी नेहमी दोनदा बघते.

‘द डेड अँड द डेडली’ हा १९८२चा, तो तिसरा ठेवा.

सोबत लहान मूल असेल तर श्वासाचा नियम आधी सांगू नका. माझ्या पुतण्याने तो स्वतःच ओळखला. प्रेत पडद्यावर नाक पुढे करून हुंगत होतं आणि हा शेजारी गाल फुगवून, नाक दाबून बसला होता.