जुने मित्र, एक गुपित: नागपुरात घडणारी रहस्यकादंबरी कशी रचावी

सुरुवात तक्त्यापासून करा. मित्र चार, फार तर पाच. सहावा आला की वाचकाचा नावांचा गोंधळ होतो. प्रत्येकापुढे चार रकाने आखा: जुन्या घटनेच्या दिवशी त्याने डोळ्यांनी काय पाहिलं, काय घडलं असं तो समजतो, इतरांपासून काय लपवतो, आणि उघड झालं तर त्याचं काय जाईल. पहिला रकाना सगळ्यांचा सारखा भरला, तर एकाने तोंड उघडताच कादंबरी संपते. म्हणून एकाने गाडी पाहिलेली असावी, दुसऱ्याने नुसता आवाज ऐकलेला. तिसरी तेव्हा घरीच होती, वीस वर्षं ऐकीव गोष्टीवर गप्प बसलेली.

खरी कसोटी पुढच्या प्रश्नाची: आत्ताच का? बहुतेक हस्तलिखितं इथेच बसतात, कारण ‘सहज गेट-टुगेदर ठरलं’ एवढ्यावर भागवलेलं असतं. नागपुरात याचं उत्तर तयार आहे. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. आदल्या दिवशीच महालक्ष्म्यांचं (गौरींचं) जेवण झालेलं, म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेले चौघंही गावातच. तळघरातला चिखल उपसताना खालच्या फडताळातली पत्र्याची पेटी निघते. आत भिजून चिकटलेले फोटो. ते सोडवायला बसलेल्या, चौघांपैकी एकाच्या आईला एका फोटोत असा माणूस दिसतो, जो त्या दिवशी गावात नव्हता असं सगळ्यांनी सांगितलं होतं. योगायोग एवढा एकच; दुसरा आणलात की वाचकाचा विश्वास उडतो.

जुनी घटना मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, ठेवा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या गजरात अख्खा महाल भाग रस्त्यावर असतो, त्यामुळे एखादा दोन तास दिसला नाही तरी कुणी विचारत नाही.

मग कायदा तपासा. 2003 मधल्या घटनेला जुनी भारतीय दंड संहिताच लागते. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे कलम 304-अ, याला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा आणि न्यायालयाने दखल घेण्याची मुदत साधारण तीन वर्षं. त्यामुळे साध्या अपघातासाठी वीस वर्षांनी अटकेची भीती दाखवली तर जाणकार वाचक पुस्तक मिटतो. खुनाला अशी मुदत नाही. तेव्हा एक तर तो खून असू द्या, नाहीतर भीती पोलिसांची न ठेवता मृताच्या आईसमोर उभं राहण्याची ठेवा. दुसरी वाट अवघड, पण आम्हाला तीच जास्त पटते.

निवेदक ‘मी’ असेल आणि त्याला सगळं माहीत असेल, तर वाचकाला शेवटी फसवल्यासारखं वाटतं. त्याच्याही तक्त्यात एक रकाना चुकीचा भरलेला असू द्या.

सुगावा भाषेत पेरता येतो. निनावी चिठ्ठी पुणेरी वळणाची, पण मध्येच एक वाक्य नागपुरी बोलीचं: ‘मी सगळं पाहून राहिलो आहे.’ चाळीस प्रकरणांची कादंबरी असेल तर ही चिठ्ठी सहाव्या प्रकरणात येऊ द्या आणि तिच्यावर कुणालाही बोलू देऊ नका. पस्तिसाव्या प्रकरणात वीस वर्षं पुण्यात राहून बोली विसरलेला मित्र भांडताना ओरडतो: ‘तू तेव्हाच काऊन नाही बोलला बे? मी इतकी वर्षं एकटाच भोगून राहिलो!’ तिथे प्रकरण तोडा.