फेअर वहीत उतरवण्याआधी: पोरांकडून कच्चं कसं लिहून घ्यायचं

मी ठाण्यात सातवी-आठवीला मराठी शिकवते, दर दोन महिन्यांनी आमच्या वर्गाचं भित्तीपत्रक लागतं. पोरांना "लेख सुधारून आणा" म्हटलं की दुसऱ्या दिवशी काय येतं माहितीय? तोच लेख, जरा बऱ्या अक्षरात, भोवती स्केचपेनची बॉर्डर. त्यांच्या लेखी सुधारणं म्हणजे फेअर करणं, आणि पहिलीपासून आपणच तेवढं सांगितलंय तर त्यांना तरी काय बोलणार.

म्हणून आधी कच्चं हे कच्चंच दिसू दे. रफ वहीत एक ओळ सोडून लिहायचं, पानाच्या एकाच बाजूला, खोडरबर बंद, चुकलं तर आडवी रेघ मारून पुढे जायचं. ओळ सोडायची कारण मधे काही घालायला जागाच नसली तर पोरं घालतच नाहीत. वीस मिनिटं सलग, शुद्धलेखन विचारायचं नाही. आणि तुमचं लाल पेन पर्समध्येच राहू दे. पहिल्या वर्षी मी एका मुलाची वही अशी काही रंगवली की पुढच्या वेळी त्याने चारच ओळी दिल्या, चूक एकही नाही आणि वाचावंसंही काही नाही.

मग वही एक दिवस बंद. शिळं झाल्याशिवाय आपलं आपल्याला खटकत नाही.

पहिल्या फेरीत फक्त मजकूर बघा. एका मुलीने तलावपाळीवर लिहिलं होतं, "मासुंदा तलाव खूप सुंदर आहे. तिथे खूप गर्दी असते. तिथे गेल्यावर सर्वांना आनंद होतो." मी म्हटलं, खूप, सुंदर, आनंद याला गोल कर आणि सांग, शेवटची कधी गेली होतीस, कोण कोण होतं? तर म्हणाली, आजी बोटीत बसायला घाबरत होती, बाबांनी हात धरून बसवलं, आणि फेरी संपल्यावर आजी उतरेचना, म्हणे अजून एक तिकीट काढ. अगं मग हे लिही की! नवीन लेख तिथून सुरू झाला आणि जुन्या तीनपैकी फक्त गर्दीचं वाक्य टिकलं, तेही बोटीच्या रांगेपुरतं. तुम्ही वाक्य सुचवू नका हं, नुसतं विचारत राहा, नाहीतर लेख तुमचा होतो.

दुसरी फेरी क्रमाची. मागची बाजू कोरी ठेवली ती यासाठीच, पान कात्रीने कापायचं, परिच्छेद बाकावर मांडायचे, खालीवर करून बघायचे आणि मग डिंकाने चिकटवायचे. वर्गात कचरा होतो, शिपाईमामा वैतागतात, पण पोरांना पहिल्यांदा कळतं की लिहिलेलं हलवता येतं. बहुतेकांचा पहिला परिच्छेद गाईडमधून आलेला असतो, तो काढून बघा, नव्वद टक्के वेळा काही बिघडत नाही.

माहिती आली की एकच प्रश्न, कुठून कळलं? एकाने लिहिलं भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १८५७ साली ठाण्याहून सुटली. साल चुकलं आणि दिशाही, ती १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटून ठाण्याला आली. मी लगेच सांगितलं नाही, लायब्ररीत पाठवलं, स्वतः शोधलं म्हणून वर्गभर सांगत फिरला.

मग मोठ्याने वाचन, पण लेख शेजारच्याने वाचायचा आणि लिहिणाऱ्याने पेन्सिल घेऊन ऐकायचं. वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण. याच्याइतका साधा उपाय मला अजून सापडलेला नाही.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, एका वेळी दोनच नियम. शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ पण "आणि" ऱ्हस्व, हा एक, आणि मूल पण मुलाला, वीट पण विटेला, हा दुसरा. १९६२ चे सगळे नियम एकदम काढलेत तर आजी परत बोटीतून उतरून जाईल.

फेअर करायला द्यायच्या आधी लेखात ज्यांचं नाव आलंय त्यांना वाचून दाखवायला सांगा. आजीने ऐकलं आणि निरोप पाठवला, मी दोनदाच तिकीट काढलं नव्हतं, तिसऱ्यांदा पण काढलं होतं. पोरीने परत रफ वही उघडली.