जँगोमध्ये सामाईक सेटिंग्ज कुठे आणि कशी ठेवावीत

समजा, सदाशिव पेठेतल्या एका खानावळीसाठी डब्यांच्या ऑर्डर घेणारी साइट तुम्ही जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, बनवताय. फोन नंबर प्रत्येक पानाच्या तळाशी हवा, ऑर्डर सकाळी 9 ला बंद व्हायला हवी आणि डब्याचा दर मालक कधीही बदलणार. सगळंच ‘ग्लोबल’ वाटतं, पण सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नका.

1. न बदलणाऱ्या गोष्टी सेटिंग्ज फाइलमध्ये टाका. नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत हवं, नाहीतर जँगो ते उचलतच नाही. वापरताना ही फाइल थेट इम्पोर्ट न करता ‘जँगो डॉट कॉन्फ’मधून ‘सेटिंग्ज’ घ्या.

इथेच टाइम झोन बघून घ्या. नव्या प्रोजेक्टमध्ये तो ‘यूटीसी’, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, असतो. तो ‘एशिया/कोलकाता’ केला नाही, तर 9 ची मुदत पुण्यात दुपारी अडीचला संपेल आणि तोवर खानावळीत भांडी घासून झालेली असतील! बरं, झोन बदलला तरी ‘टाइमझोन डॉट नाऊ’ यूटीसीतलीच वेळ देतं. त्यामुळे तास तपासायला ‘टाइमझोन डॉट लोकलटाइम’ वापरा.

2. सीक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली) आणि डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरवर, ठेवा; कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या गिटमध्ये नको. तिथून येणारं प्रत्येक मूल्य स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असतं. डीबग (चुकांचा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) बंद करायला ‘फॉल्स’ लिहून ते तसंच खरं-खोटं ठरवणाऱ्या ‘बूल’ला दिलं, तर पायथन त्याला ट्रू मानतो, कारण स्ट्रिंग रिकामी नाही. म्हणून ते ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून पाहा.

3. फोन नंबरासाठी कॉन्टेक्स्ट प्रोसेसर लिहा; तो प्रत्येक टेम्प्लेटला, म्हणजे पानाच्या साच्याला, माहिती पुरवतो. रिक्वेस्ट घेऊन डिक्शनरी परत देणारं साधं फंक्शन, बस्स. त्याचा पत्ता सेटिंग्ज फाइलमधल्या टेम्प्लेट्सच्या ऑप्शन्समधल्या कॉन्टेक्स्ट प्रोसेसरच्या यादीत जोडा. ‘रेंडर’ने बनणाऱ्या प्रत्येक पानासाठी ते चालतं, तेव्हा त्यात जड क्वेरी घालू नका.

4. दर मात्र डेटाबेसमध्येच. एक छोटं मॉडेल (डेटाबेसमधल्या तक्त्याचं वर्णन) करा, मालकाला अ‍ॅडमिनमधून, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांवरून, दर बदलू द्या. पायथनच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवायचा मोह होतो, आणि लॅपटॉपवर ते चालतंही. सर्व्हरवर साइट चालवणाऱ्या गनिकॉर्नचे चार वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) असले की प्रत्येकाची मेमरी वेगळी: एकाला नवा दर कळतो, बाकीचे जुनाच दाखवतात. पान रिफ्रेश केलं की दर बदलतो, मग मालकाचा फोन येतो. जँगोची डिफॉल्ट कॅशही (पटकन मिळावी म्हणून माहिती तात्पुरती ठेवायची जागा) प्रत्येक प्रोसेसची स्वतंत्र असते. दर कॅश करायचाच असेल तर रेडिससारखी सामाईक कॅश लावा.