नाशिककरांसाठी फ्रान्स: पॅरिस ते बोर्दो प्रवासाची आखणी

शेंगेन व्हिसाचा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो. मात्र उन्हाळी सुट्टीत अर्ज देण्यासाठीच्या भेटीच्या वेळा झपाट्याने भरतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत आणि त्यासाठीच्या मुंबईच्या खेपेत कसारा घाटातील खोळंबाही हिशेबात धरावा. 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण अनिवार्य आहे.

पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालय मंगळवारी, तर ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतात.

द्राक्षपट्ट्यातील माणसाने मात्र खरा वेळ वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोर्दोला द्यावा. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून वेगवान रेल्वेने तेथे दोन-अडीच तासांत पोहोचता येते. पुढे स्थानिक गाडीने सेंत-एमिलियों गाठावे. 1999 पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या गावात चुनखडीच्या दगडात कोरलेले भूमिगत चर्च आहे, आणि वेशीपासूनच वेलींच्या ओळी सुरू होतात. दिंडोरी-निफाडकडे मांडवावर पसरलेल्या वेली पाहिलेल्यांना तारांवर बेताच्या उंचीत राखलेल्या या वेली खुज्याच वाटतील. आपली काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, तर तेथील सप्टेंबरच्या सुमारास होत असल्याने तोच महिना निवडावा.

दुकानात शिरताच ‘बोंजूर’ (नमस्कार) म्हणावे, अन्यथा उत्तर कोरडे मिळते. दुपारचे जेवण दोनच्या आत उरकावे. नंतर बऱ्याच उपाहारगृहांची स्वयंपाकघरे संध्याकाळपर्यंत बंद असतात.